गुंडप्पा आडत्यांची काडतुसं

गुंडप्पा आडत्यांचं बोलणं कुणाला करून दाखवायचं असेल, तर आधी डाव्या गालात सुपारी धरावी लागते. मग मान जरा मागं टाकायची, डोळे अर्धे मिटायचे आणि समोरच्यानं कितीही मोठ्यानं सांगितलं तरी फक्त "आँ?" म्हणायचं. हा "आँ?" ऐकू न आल्याचा नव्हे. आप्पांचे कान मांजराचे होते. समोरच्याला तेच पुन्हा सांगायला लावायचं आणि दुसऱ्या खेपेला तो काय काय गाळतो ते बघायचं, यासाठीचा तो "आँ?" होता. कळंबच्या मोंढ्यात त्या एका अक्षरानं भल्याभल्यांचे भाव खाली आणले होते.

आप्पांचा धंदा आडतीचा. शेतकऱ्यानं ज्वारीची गाडी आणायची, लातूर-बार्शीच्या व्यापाऱ्यानं ती घ्यायची आणि मधे आप्पांनी माल पारखून द्यायचा. पारखायची रीत एकच, वानगी. पोत्यात कोपरापर्यंत हात घालायचा, तळाची मूठ वर काढायची, तळहातावर पसरून हुंगायची आणि एक दाणा दाताखाली धरायचा. "कट्" वाजलं की आप्पा म्हणायचे, "माल खरा." एवढ्यावर व्यापारी पैसे मोजायला बसायचा. बाप गेल्यापासून मोंढ्यात हा शब्द चालत होता. निजामाच्या राज्यात चालला, मुंबई राज्यात चालला, आता महाराष्ट्रातही चालत होता.

अशा माणसाला पन्नाशीत बंदुकीचा नाद लागला.

चीनची लढाई झाली आणि ठिकठिकाणी रायफल क्लब निघाले. कळंबात निघाला तेव्हा तहसीलदारांच्या शब्दाखातर निम्म्या मोंढ्यानं नावं घातली. बहुतेकजण दोन रविवार पालथे पडले, कोपरं सोलून घेतली आणि घरी बसले. आप्पा राहिले. गावाबाहेर मुरमाची जुनी खाण होती. तिच्या उभ्या दरडीपुढं लाकडी चौकटी रोवायच्या, त्यांवर काळ्या गोलाचे कागद टाचायचे, अलीकडं रिकामी पोती अंथरायची, की झालं मैदान. आप्पा धोतराचा सोगा खोचून, कपाळावरचं भस्म सांभाळत पोत्यावर पालथे झाले की पोत्यावर पोतं रचल्यासारखं दिसायचं. पण रायफल खांद्याला लागली की ते वरचं पोतं इतकं गप्प व्हायचं, की टोपीवर माशी बसली तरी हलायचं नाही.

शिकवायला बलभीम हवालदार होते. फौजेतून येऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती, पण रविवारी सकाळी त्यांच्या तोंडून मराठी निघत नसे.

"आप्पाजी! साँस रोको! चाप खींचो मत, दबाओ! जैसे निंबू!"

"आन निंबू संपल्यावर?"

"बात नहीं! फायर!"

आणि तेच हवालदार सोमवारी आडतीवर येऊन बारीक आवाजात म्हणायचे, "आप्पा, तेवढं पेंडीचं बघा की. म्हस लई खंगलीया."

नेमानं येणारे तिसरे अंबादास गुरुजी. शाळेत शुद्धलेखन घालून घालून त्यांची जीभ तशीच वळली होती. प्रत्येक वाक्याचं शेपूट ते दोनदा म्हणत आणि समोरचा लिहून घेतोय की नाही हे चष्म्यावरून बघत. चौथा कचेरीतला एक कारकून, आला तर आला.

काडतुसं सोलापूरच्या दुकानातून परवान्यावर यायची. त्यांत दोन जाती होत्या. लाल डब्यातली महाग आणि निळ्या डब्यातली स्वस्त. पहिल्याच बैठकीत वाद निघाला.

"माझ्या मते लाल घ्यावीत, लाल घ्यावीत," गुरुजी म्हणाले. "स्वस्त काडतूस म्हणजे फसवणूक, म्हणजे फसवणूक."

"आँ?"

"स्वस्त काडतुसात जोखीम असते, जोखीम असते."

"बगा. फसवणुकीची जोखीम झाली. आनखी एकदा इचारलं तर गुरुजी निळीच घ्या म्हनतील." आप्पांनी सुपारी या गालातून त्या गालात नेली. "वानगी काढू."

आणि खरोखरच त्यांनी पोत्याची काढावी तशी काडतुसांची वानगी काढली. थोडी वरच्या डब्यातली, थोडी मधल्या, थोडी तळाच्या. हवालदारांनी ती एकामागून एक झाडली. फट्, फट्, फट्. सुकी काटकी मोडावी तसा स्वच्छ आवाज. एकही वाया गेलं नाही.

"माल खरा," आप्पा म्हणाले, आणि निळ्या डब्यांची अख्खी पेटी आडतीवरच्या लोखंडी तिजोरीत जाऊन बसली.

आता वानगीचं गणित असं, की ज्वारीच्या पोत्यात एक दाणा जसा तसा शेजारचा. एकाच रानातला, एकाच पावसाचा. काडतुसाला शेजारधर्म नसतो. महिना गेला आणि मधूनच चाप दाबल्यावर "फट्" च्या ऐवजी नुसतं "टिक" व्हायला लागलं. टिक झालं की हवालदार ओरडायचे, "नली सामने! कोई हिलेगा नहीं!" कारण काडतूस कधी कधी उशिरा उडतं. सगळे दरडीकडं बघत पडून राहायचे. गुरुजी हळूच म्हणायचे, "आप्पा, तुमचा माल झोपला, माल झोपला."

"झोपला न्हाय. इच्यार करतोय."

मग ते काडतूस बाहेर काढून, जरा फिरवून पुन्हा घालायचं. की फट्. असं का, हे आप्पांनी एकदा आपल्या परीनं फोडून सांगितलं होतं. "ह्या बावीस बोराच्या काडतुसाचा पेट घ्यायचा मसाला असतो बुडाच्या कडंला. सुई कडंवर आपटती. आता पोळी लाटताना पुरण कसं समद्या कडंला जाया पायजे. सुगरणीचं जातं. हे निळं हाय घाईच्या बाईचं. एखाद्या जागी कड सुकीच ऱ्हाती. फिरवून दुसरीकडं चावा, पुरण लागतंयच. पहिल्या हाकंला न्हाय तर दुसऱ्या हाकंला ओ देतंय."

आणि देतही होतं. दुसऱ्या हाकेला मुकं राहिलेलं काडतूस खाणीत कुणी पाहिलं नव्हतं.

त्या हिवाळ्यात बार्शीचे गोपाळकृष्ण वकील एका खटल्याच्या कामानं कळंबला आले आणि चहाला आडतीवर टेकले. बार्शीच्या क्लबाचे ते म्होरके. वकीलसाहेबांचं कुठलंही बोलणं "तात्पर्य काय" नं सुरू व्हायचं, आणि मग तात्पर्य काही यायचं नाही.

"तात्पर्य काय आप्पा, संक्रांतीनंतरच्या रविवारी आमचे चार आणि तुमचे चार, तुमच्याच खाणीत. आम्ही लाल डब्यातली आणतो. तुम्हालाही देऊ. तुमचं ते निळं प्रकरण काही…"

"आँ?"

"निळं प्रकरण म्हटलं मी."

या खेपेला काहीच गळालं नाही. आडतीवर हमाल होते, दोन गाडीवान होते, चहा आणलेला हॉटेलवाला होता. आप्पांनी सुपारी थुंकली. ते बघूनच हमालांनी पोती खाली ठेवली.

"वकीलसायेब, ह्या मालाची वानगी म्या काढलीया. सामन्यात दुसरी हाक मारायची मुभा ऱ्हाऊ द्या. दोन हाका मारून बी माझ्या एका काडतुसानं ओ दिली न्हाय, तर ह्या सुगीत मी पोत्यात हात घालणार न्हाय. महादेवाची आण."

वकीलसाहेब हसले आणि म्हणाले, "मान्य." सुगी म्हणजे ज्वारीची सुगी, आप्पांचं वर्षाचं पोट आणि वर्षाची पत. दिवेलागणीपर्यंत ही गोष्ट मांजरा नदीच्या पल्याड पोचली.

आप्पांना काळजी पडली ती दुसऱ्या दिवशी. सामन्यासाठी राखलेले डबे त्यांनी तिजोरीतून काढून बघितले, तर थंडीच्या दवानं म्हणा, जुनेपणानं म्हणा, काही काडतुसांच्या पितळेवर हिरवट ठिपके धरले होते. आप्पांनी ते नखानं खरवडले. आडत्याच्या डोळ्याला तो डाग दिसला नाही, कीड दिसली.

घरी मल्लम्माबाई नवी तूर ठेवणीला टाकत होत्या. सुपात डाळ, हाताला एरंडेल, आणि चोळणं चाललेलं.

"एरंडेलानं किती दिस टिकती गं?" आप्पांनी विचारलं.

"लगीन झाल्यापास्नं खाताय की. कधी किडा निघाला?"

"न्हाय."

"मग?"

आप्पांनी कोपऱ्यातलं दुसरं सूप उचललं, त्यात सामन्याची काडतुसं ओतली आणि शेजारी मांडी घातली. मल्लम्माबाई बघत राहिल्या. आप्पांनी एरंडेलाची वाटी ओढली आणि डाळीला लावावं तसं दोन्ही हातांनी मायेनं चोळायला सुरुवात केली. थोडंसं पुसून घ्यावं म्हणाल, तर नाही. मुरायला म्हणून चार दिवस तसंच ठेवलं आणि मग माळवदावर फडकं टाकून उन्हाला पसरलं.

"लोकाच्या माळवदावर सांडगं-पापड," मल्लम्माबाई शेजारणीला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाल्या, "आन आमच्या माळवदावर गोळ्या. कावळं बी येईनात झालं."

"कावळं कशाला यायला पायजेत? किडा येऊ नये म्हणून लावलंय."

"पितळंला किडा लागतोय व्हय?"

"हिरवा असतोय त्यो."

मल्लम्माबाईंनी कपाळाला हात लावला. हात एरंडेलाचा होता, तो तसाच कपाळाला लागला.

सामन्याच्या आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी, आप्पा, हवालदार आणि गुरुजी हात बसवायला खाणीत गेले. काडतुसं सोन्यासारखी चकाकत होती. आप्पांनी मुठीनं वानगी काढली, पालथे झाले, श्वास धरला, चाप दाबला.

टिक.

"नळी समोर!"

वाट बघितली. फिरवून पुन्हा घातलं. टिक. तिसरीकडून घातलं. टिक. दुसरं घेतलं, टिक. तिसरं "फुस्" करून वाजलं, आणि गोळी निम्म्या वाटेत मातीत पडली. त्या मातीचा उडालेला इवलासा भुरका तिघांनी नीट बघितला.

गुरुजींच्या तोंडून वाक्याचं शेपूट एकदाच आलं. "हे काय झालं?"

हवालदारांनी एक मुकं काडतूस उचललं. हाताला बुळबुळीत लागलं. त्यांनी पक्कड घेऊन, माणसांना मागं सारून, हलक्या हातानं तोंडाची शिशाची गोळी हलवून काढली आणि आतली दारू कागदावर ओतली. ती ओतलीच गेली नाही. कोरड्या मोहरीसारखी घरंगळायची ती भिजल्या तंबाखूसारखी गोळा होऊन पडली. आप्पांनी तो कागद नाकाशी नेला. तिथं त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. नाक त्यांचं होतं.

"एरंडेल," ते म्हणाले. "आत मुरलंया."

दरडीवर होले घुमत होते.

"आप्पा," हवालदार आज शनिवार असल्यामुळं मराठीत म्हणाले, "तेल बंदुकीला लावायचं असतंय."

"किडा लागंल वाटलं."

"दारूगोळ्याला?"

"आता झालं ते झालं," आप्पा डबे उघडत म्हणाले. "तेल न लागलेली किती उरली?"

उरली होती ती रोजच्या डब्यातली चार-दोन. चौघांच्या सामन्याला पुरणं शक्यच नव्हतं. तेवढ्यात गुरुजी जवळ सरकले. त्यांच्या पिशवीत लाल डबे होते. सोलापूरच्या मेहुण्याकडून त्यांनी गुपचूप मागवून ठेवले होते. मनातल्या मनात त्यांचा निळ्यावर कधी विश्वासच नव्हता.

"कुणाला कळायचं नाही, कळायचं नाही," गुरुजी कुजबुजले. "लाल डब्यातली काढायची, निळ्या डब्यात भरायची. पितळ सगळं सारखंच. तुमचा शब्द राहील, शब्द राहील."

आप्पांनी डोळे अर्धे मिटले. सुपारी गालात थांबली. हवालदारांना वाटलं, आता "आँ?" येणार. तो आला नाही. गुरुजींनी हे दुसऱ्यांदा सांगावं असं आप्पांना वाटत नव्हतं.

"गुरुजी," ते म्हणाले, "पोत्याच्या तोंडाला चांगली ज्वारी, खाली भिजकी. असली पोती किती आली आसतील माझ्याकडं? म्या कोपरापर्यंत हात घालतो त्यो कशापायी? आन उद्या म्याच तसलं पोतं शिवू व्हय?"

"पण सुगी, आप्पा…"

"सुगीचं सुगीत बगू. तुमचे लाल डबे द्या. तुमी दोघांनी आन कारकुनानं तीच वापरा, पर लाल म्हनूनच वापरा. माझी ही तेलाची माझ्यापाशी ऱ्हाऊ द्या."

रविवारी सकाळी बार्शीची मंडळी यष्टीनं उतरली. खाणीच्या कडेनं मोंढा, शाळा, कचेरी, सगळे जमले होते. शेंगदाणे, ऊस, तिळगुळाचं उरलंसुरलं. आप्पा सरळ वकीलसाहेबांपुढं गेले आणि काल काय निघालं ते सगळं एरंडेलासकट सांगितलं. ऐकणाऱ्यांत हसू फुटलं, ते मागच्या रांगेपर्यंत गेलं आणि मागून "आप्पा, आता डाळीत बार भरा!" अशी आरोळी परत आली. आप्पा थांबले. हसणं संपू दिलं.

"तर आमचे तिघं तुमच्याच जातीची काडतुसं वापरतील. मी माझी वापरतो."

"तात्पर्य काय आप्पा," वकीलसाहेब गडबडले, "तुम्हीही आमची घ्या ना! सामना आहे, शिक्षा नाही."

"बोली मालाची झाली व्हती. माल बगायला लोकं आल्यात. त्यो दाखवाया नको?"

सात जणांची नेमबाजी झाली. गुरुजींनी झकास नेम मारले आणि प्रत्येक नेमानंतर स्वतःशीच "उत्तम, उत्तम" म्हणाले. तिघा-तिघांचा हिशेब धरला तर कळंब थोडं पुढंच होतं. शेवटी आप्पा पोत्यावर पालथे झाले. दहा काडतुसं त्यांनी उजव्या हाताशी ओळीत मांडली.

टिक. नळी समोर धरून ते पडून राहिले. काढलं, फिरवलं, पुन्हा घातलं. टिक. ते काडतूस त्यांनी डावीकडं ठेवलं. पहिल्या दोन-तीन वेळा लोक हसले. चौथ्याला "फुस्" झालं, तेव्हा हवालदारांनी हात वर करून सगळं थांबवलं, नळीत गज घालून बघितला, अडकलेली गोळी ठोकून मागं काढली, आणि मगच "जारी रखो" म्हणाले. त्यानंतर कुणी हसेना. खाणीत नुसती टिक ऐकू यायची, आणि मधला तो थांबलेला वेळ. आप्पांचा एकही सोपस्कार चुकला नाही. जणू प्रत्येक काडतूस उडणारच आहे, अशा तयारीनं ते प्रत्येक वेळी श्वास धरत होते.

आठवं उडालं. फट्. सुकी काटकी मोडावी तसं. चौकटीकडून लाल झेंडी हलली. काळ्याच्या ऐन मध्याला लागलं होतं.

"ह्याला तेल कमी लागलं आसंल," आप्पा नळीशी बोलावं तसं बोलले. "माल मुळात बरा व्हता."

नववं आणि दहावं मुकं. कळंब हरलं. बार्शीकरांनी टाळ्या वाजवल्या, पण त्या चोरून वाजवल्यासारख्या वाजल्या.

आप्पा उठून गुडघे झाडत होते, तेव्हा वकीलसाहेबांनी त्यांना बाजूला घेतलं. कोट घातलेला होताच, त्यांनी तो जरा ओढून नीट केला.

"तात्पर्य काय आप्पा, तुमची आण लागू होत नाही. तुम्ही बोललात ते मालाबद्दल. माल चांगला होता, ते आठव्यानं सिद्ध केलं. दोष तेलाचा. तेल नंतरचं. तात्पर्य, तुम्ही मोकळे." आणि या एका वेळी तात्पर्य खरोखर आलं होतं.

आप्पांना ते आवडलं. त्यांच्या चेहऱ्यावर ते दिसलं. मोंढ्यातली पाच-पंचवीस माणसं ऐकत होती आणि त्यांनाही ते आवडलं होतं, कारण सुगीत आप्पांच्या हातावाचून सगळ्यांचीच पंचाईत होती.

"वकीलसायेब," आप्पा म्हणाले, "रानात चांगली आसलेली ज्वारी माझ्या वखारीत भिजली, तर गिऱ्हाइकाला काय सांगू? रानात चांगली व्हती म्हनू?"

वकीलसाहेबांनी ओढून नीट केलेला कोट उतरवून हातावर घेतला. मग दोघं तिळगुळ खायला गेले.

होळी झाली आणि ज्वारीच्या गाड्या मोंढ्यात यायला लागल्या. आप्पांच्या आडतीवर गादीवर मल्लम्माबाई बसल्या होत्या, डोक्यावर पदर, हातातल्या बांगड्या कोपराकडं सारून घट्ट केलेल्या. मोंढ्यात बाईमाणूस गादीवर बसल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. पहिले दोन दिवस लोक नुसतेच बघून जायचे. तिसऱ्या दिवशी तामलवाडीकडचे धोंडीबा गाडी घेऊन आले. पाहुण्याकडं लग्नाला यायचंच होतं, तर माल आप्पांच्याच हातून काढू म्हणाले. त्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं.

मल्लम्माबाईंनी पोत्यात हात घातला, मूठ काढली, हुंगली, दाणा दाताखाली धरला.

"ओल हाय."

"आवो, कसली ओल?" धोंडीबा आप्पांकडं वळले. "मालक, तुमी बगा की. तुमच्या हातासाठी तर एवढ्या लांबून आनलंय."

आप्पांचा उजवा हात आपोआप पोत्याकडं निघाला. अर्ध्या वाटेत त्यांना तो दिसला. त्यांनी तो कोटाच्या खिशात घातला आणि वरून दाबून धरला.

"आँ?" आप्पा म्हणाले.

"म्हटलं, एकदा बगा की तुमी. जराशी आसंल ओल."

"मंग त्या म्हनल्या तशी ओल हायच," आप्पा म्हणाले, आणि दोन चहा सांगायला रस्त्यावर उतरले.